रज्जाकभाईंची हलकी नळी

मला जिवंत जाळता जाळता राहिलेला माणूस आज सकाळी गेला.

रज्जाकभाई. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याचं दुकान. बंब, चाळण्या, डबे, सगळं हातानं केलेलं.

एकेकाळी मी त्यांच्यावर एवढी चिडले होते की वर्षभर त्या दुकानावरून गेले नाही. लांबच्या बोळातून जायचे.

शहात्तर सालचा उन्हाळा असेल. मला पाचवा महिना. माहेरी मेढ्याला डोहाळजेवण ठरलेलं.

आमच्या ह्यांची सेकंडहॅन्ड फटफटी. दोघं बसलो की चढाला तिला दम लागायचा. मग मी उतरायचं आणि चालायचं.

या वेळी बायकोला चालायला लावायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं. गाडीचं वजन कमी करायचं! सायलेन्सर हलका केला की गाडी पळते, हे कुठल्याशा रेसवाल्याकडून ऐकलेलं.

गाडी रज्जाकभाईंकडे नेली. तिला दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर, नुसतं लोखंडी धूड. त्यांनी दोन्ही काढून शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर टाकले. वर ह्यांना विचारलं, वहिनींचं वजन किती?

मला असा राग आला!

मग दोन्हींच्या जागी, बंबाची नळी करतात तशी पातळ पत्र्याची एकच नळी केली. आत काही नाही, नुसती पोकळ. उजवीकडे किक, म्हणून डाव्या बाजूला. रस्त्यावरचे दगड लागू नयेत म्हणून वर उचललेली.

साडीतली बाई डावीकडे पाय सोडून बसते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

आणि मी नेसले होते नवीकोरी नायलॉनची साडी. तेव्हा फॅशनच होती ना!

गाडी खरंच पळाली. आवाज मात्र असा की रस्त्याकडेची गुरं बिथरत होती.

चढाला पोटरीला ऊब लागली. मग वास आला.

खाली पाहिलं. नळी लाल झालेली. साडीचा काठ वितळून तिला चिकटलेला, आणि बारीकशी ज्योत वर सरकत होती.

मी ओरडले, "थांबवा!"

त्या आवाजात ह्यांना काही ऐकू येईना. पाठीवर बुक्के मारले. ह्यांना वाटलं, बाईसाहेब खुशीत आहेत. गाडी आणखी पळवली.

उडी मारावी तर पोटात बाळ.

बसून राहावं तर पोटात बाळ.

एवढी भीती मला आयुष्यात परत कधी वाटली नाही. एका हातानं पोट धरलेलं, दुसऱ्या हातानं साडी ओढतेय, आणि ती काही केल्या सुटत नाही.

शेवटी ह्यांच्या खांद्याला कडकडून चावले.

ब्रेक लागला. ह्यांनी ओंजळीनं रस्त्यावरची माती माझ्या पायावर टाकली. रडत होते. पोटरीची कातडी साडीबरोबर निघाली होती, पण मी एकच विचारत होते, "बाळ हलतंय का हो?"

जसं काही ह्यांना कळणार होतं.

मेढ्याच्या दवाखान्यात दुपार उलटून गेल्यावर ते हललं.

दुसऱ्या दिवशी बातमी कळताच रज्जाकभाई एसटीनं मेढ्याला आले. दारातच उभे राहिले. मी तोंड फिरवलं, तेव्हा माझ्या आईला म्हणाले, "मावशी, चूक माजी हाय. वजन इचारलं, बसायचं कसं ते इचारलंच न्हाई."

मुलगी झाली. धडधाकट.

पुढं त्यांनी अशा नळ्या पुष्कळ केल्या, पार सांगलीहून गिऱ्हाईक यायचं. पण प्रत्येक नळीवर जाळीचं कव्हर असायचं. आणि गाडी द्यायच्या आधी चाचींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, डावीकडे बसवून साडीचा काठ कुठं पोचतो ते वाकून बघायचे. चाची वैतागायच्या, भाकरी तव्यावर टाकून यावं लागायचं. गिऱ्हाईक हसायचं. ते ऐकायचे नाहीत.

मी दिसले की एकच प्रश्न. लग्नात, मंडईत, कुठंही.

"वहिनी, पाय बरा हाय न्हवं?"

कधीकधी मी वैतागून नुसतीच मान हलवायची.

परवा दवाखान्यात भेटायला गेले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलता येत नव्हतं. त्यांनी हळूच माझ्या पायाकडे बोट केलं.

मी काही बोलणार तेवढ्यात नर्सनं सगळ्यांना बाहेर काढलं.

उत्तर द्यायचं राहिलं.

बरा आहे, भाई. कधीचाच बरा आहे.

सुखानं जा.