नदीचा धडा पाटलाच्या पोरीला

“हा विहिरीचा धडा तुझा,” मराठीचे सर म्हणाले. “तुमच्याकडचाच आहे. भावना आपोआप येतील.”

वर्ग हसला. नववीचा पहिलाच दिवस. वर्षभर कुणी कोणता धडा मोठ्यानं वाचायचा, ते सर वाटून देत होते. विहिरीचा धडा पार शेवटी. आमच्यातलं एक पोरगं पाणी शेंदतं आणि मार खातं, त्याची गोष्ट.

मला पहिला धडा कबूल केला होता. नदीचा. खुद्द सरांनी. जयंतीला आमच्या बौद्ध वस्तीत निळ्या झेंड्याखाली त्यांनी भाषण ठोकलं, मायसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. “यंदा वर्गाचं वाचन हिच्यापासून सुरू.” माय दारोदार सांगत फिरली.

मी तयारीला लागले. दहावीत गेलेल्या पोरीचं पुस्तक मागून आणलं. उन्हाळाभर मायसंगं दुष्काळी कामावर खडी फोडली आणि दुपारी भाकरीच्या सुट्टीत बायांना अख्खं पुस्तक वाचून दाखवलं. नदीचा धडा तर पुन्हा पुन्हा. शांताकाकू म्हणायची, “हितं टँकर यीना झालाय, अन् हिच्या पुस्तकात पूर आलाय बघा!” पण पूर ओसरेपर्यंत हातोडी उचलायची न्हाई.

ती नदी सरांनी पाटलाच्या पोरीला दिली.

“सर, तुम्ही मला म्हणला होता.”

“अगं, लातूर जिल्हा नवा झालाय ना, तिथले शिक्षणखात्याचे साहेब येणार आहेत, पहिलं वाचन ऐकायला. उच्चार शुद्ध नकोत का?”

म्हणजे आमच्या तोंडी पूर शोभत नाही, मार शोभतो. भाषणाला आमची वस्ती चालते. वाचायला आमची जीभ चालत नाही. शिव्या देणारा मास्तर असता तर एवढं लागलं नसतं. हा आमचा म्हणून आला होता. आमच्या घरचा चहा पिऊन गेला होता.

मी उभीच.

“मी न्हाई वाचत हा धडा.”

“का?”

“त्यात मारणारे कोण हायत, सर? त्यांच्यातल्या कुणीतरी वाचावा. पाटलाच्या पोरीला द्या. शुद्ध उच्चारात.”

आता कुणी हसलं नाही. सर लालबुंद. “तुम्हाला हात द्यावा, तर डोक्यावरच बसता!”

वर्षभर त्यांनी मला एक ओळ वाचू दिली नाही. माय म्हणाली, “गप वाचला असतास तर काय झिजली असतीस का?” झिजलेच असते.

आज मी उदगीरला कॉलेजात हाय. दर उन्हाळ्यात वस्तीतल्या पोरापोरींना घेऊन बसते. अख्खं पुस्तक, पहिल्या पानापासून. शाळा उघडली की ती उठून नदी मागतील. दिली नाही, तरी वाचतील. एकाला खाली बसवलं, तर तो थांबला तिथून दुसरी वाचेल. किती जणांना बसवता, बसवा.