घंटा हाताला लागते का?

नलिनीताईंची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, हे त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहायला त्यांनीच परवानगी दिली आहे. मी कामोठ्यात वृद्धांसाठी दहा खाटांचे शुश्रूषागृह चालवतो. ताई तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणापूर्वी अशा ठिकाणांची तपासणी करणाऱ्या परिचारिका अधिकारी होत्या. मी फायली, दाखले, चहा-बिस्किटे असा सगळा थाट मांडून बसलो होतो. ताईंनी फायलींकडे ढुंकूनही पाहिले नाही. चपला काढल्या आणि सरळ एका रिकाम्या खाटेवर आडव्या झाल्या!

त्यांची तपासणीची रीतच ती. रुग्णासारखे निजायचे, घंटा वाजवायची आणि कोण किती वेळात येते ते पाहायचे. त्यांनी हात लांब केला, पण बटण सापडेना. त्याची वायर वर खिळ्याला गुंडाळलेली होती. आजी-आजोबा उगाच घंटा वाजवतात, अशी आमच्या मावश्यांची तक्रार होती, म्हणून मीच तसे करायला सांगितले होते.

शेजारच्या खाटेवरून उलव्याच्या हिराआजी म्हणाल्या, "बाय, तिचा नाद सोड. आमी हाका मारतो. कोन आला तं आला, नाय तं नाय."

ताई उठल्या. "नूतनीकरण होणार नाही."

मी चिडलो. "एका वायरीसाठी? हे बंद पडलं तर या माणसांनी जायचं कुठे?"

"तेच विचारतेय मी. यांना दुसरं कुणी नाही, म्हणून यांनी हाका मारत पडायचं? आठ दिवसांनी परत येते."

खरे सांगतो, त्या दिवशी मी त्यांच्या नावाने बोटे मोडली. पण रविवारी, आपल्या सुटीच्या दिवशी, ताई पळस्प्याचा ओळखीचा वायरमन घेऊन हजर! प्रत्येक खाटेवर त्यांनी स्वतः निजून पाहिले. हिराआजींचा उजवा हात उचलत नाही, हे मला ठाऊक होते. बटण डावीकडे हवे, हे मात्र कधी सुचले नव्हते. त्याची आजही लाज वाटते. दुपारी ताई मावश्यांच्या पंगतीला डाळभात जेवल्या आणि हसत म्हणाल्या, "उगाच वाजवतात ना? मग आपणही उगाच जाऊन यायचं." आठव्या दिवशी पुन्हा तपासणी झाली आणि आमचे नूतनीकरण झाले.

निवृत्तीनंतरही ताई अधूनमधून येतात. परवा आल्या, हिराआजींच्या शेजारच्या खाटेवर निजल्या आणि घंटा वाजवली. मी धावलो.

"काही नाही रे. म्हातारपणी इथेच येणार आहे, ही खाट धरून ठेव."

ताई, खाट धरून ठेवली आहे. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि त्या खाटेची गरज तुम्हाला कधीच न पडो. घंटा वाजवायला मात्र अशाच उगाच येत राहा. मी धावत येईन.