समोरच्याची बाजू

आमच्या शिरूरच्या घरी बुधवारची प्रार्थनासभा असली की गाण्यांपेक्षा वादालाच गर्दी व्हायची. वडील निवृत्त शिक्षक, चर्चचे जुने पंच. त्यांचा एक नियम होता: समोरच्याचं म्हणणं खोडायच्या आधी ते आपल्या तोंडानं मांडायचं, आणि तो ‘व्हय, हेच’ म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. बायबलवर भांडायचं तर न्यायानं भांडा, असं ते म्हणत. मला या नियमाचा अभिमान होता. आता त्याची भीती वाटते.

त्या बुधवारी दौंडहून माझा चुलतभाऊ आला होता. रेल्वेत कामाला, आणि अलीकडे तिथल्या एका नव्या प्रार्थनागटात रमलेला. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, असं सांगणारा उतारा त्यानं काढला.

“लिवलंय ते लिवलंय, काका. त्यात गोळीचं नाव न्हाई. तुम्ही अर्थ काढत बसता, म्हंजी इस्वास कमी.”

वडलांचं मत असं की कुणी, कुणाला, कोणत्या काळात लिहिलं ते आधी पाहावं. त्या काळी तेल हेच औषध होतं. पण नियम म्हणजे नियम. भावाला स्वतःची बाजू धड मांडता येईना, म्हणून वडलांनी चष्मा काढला आणि ती उभी केली. देव बोलला असेल तर साध्या माणसाला कळेल असंच बोलला असेल. अर्धा भरवसा सुईवर आणि अर्धा त्याच्यावर, याला भरवसा म्हणत नाहीत.

“व्हय, हेच,” भाऊ म्हणाला. “मला बी असं बोलता येत न्हाई.”

मग वडलांनी उत्तर दिलं, आणि चांगलं दिलं. पण तोवर चहा आला होता आणि लोक कपबशा पुढे सरकवण्यात गुंतले होते.

दाराशी आत्या बसली होती. वडलांची विधवा बहीण, आमच्याकडेच राहायची. तिला साखरेचा आजार, रोज सकाळी इन्शुलिनची सुई. तिनं चहा घेतला नाही. तिची नजर वडलांवरून हलत नव्हती, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढे घरात जैतुनाच्या तेलाचा वास येऊ लागला. आत्या शांत झाली, नको इतकी शांत, आणि सारखी पाणी पिऊ लागली. चप्पल लागली म्हणून पायाला पट्टी बांधून हिंडायची, कुणाला पाहू द्यायची नाही. सुई घेतली का विचारलं की हसून म्हणायची, “तू तुझं बघ.” एका सकाळी मी फ्रिजच्या दारातली इन्शुलिनची बाटली उचलली. सील तसंच होतं. जबरदस्तीनं तिची पट्टी सोडली, तर अंगठा काळा पडलेला. मी फोन करून रिक्षा बोलावली आणि वडलांना हाक मारली.

वडील धावत आले. “कुणी सांगितलं तुला हे? त्या दौंडच्यानं?”

“त्याचं बोलनं कुनाला कळतंय? तुम्हीच सांगितलं, दादा. इतकं पटंल असं आजवर कुनी बोललं न्हवतं.”

“अगं, ती माझी बाजू नव्हती. मी ती खोडली.”

“मग आता बी खोडा. पर आधी माझी बाजू सांगा, मी व्हय म्हनंपर्यंत.”

ज्यांना कधी शब्द कमी पडले नाहीत, ते वडील तिच्या पायाशी फरशीवर बसले.

“सुई घे,” ते म्हणाले. “पाया पडतो तुझ्या.”

मी बोलावलेली रिक्षा दारात हॉर्न वाजवत होती. आत्यानं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

“ह्यो काय मुद्दा न्हाई झाला, दादा.”