खायचं सफरचंद

सायडर म्हणजे सफरचंदाची दारू. ती बनते त्या शेडमध्ये मी फळं निवडायला जाते. म्हातारे मालक माझ्यासमोर बसतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या खायची सफरचंदं पिकवली. आता दुकानं ती घेत नाहीत, म्हणून त्यांच्या मुलीने सायडर करायला घेतली. आम्ही फक्त कुजकी फळं काढायची, बाकी सगळी यंत्रात जातात. पण मालक डाग पडलेलंही बाजूला काढतात आणि चांगलं फळ टोपलीत अंडं ठेवावं तसं ठेवतात.

"डॅड, शेवटी सगळ्यांचा चेंदाच होणार आहे," मुलगी दमून म्हणते.

"माहीत आहे गं," ते म्हणतात, आणि पुढचंही तसंच ठेवतात.

काल निघताना त्यांनी एक सफरचंद बाहीला पुसून माझ्या हातात दिलं. "हे खायचं आहे."

घरी नेते म्हटलं, तर ते तिथेच उभे राहिले. माझे पाय दुखत होते, बस चुकणार होती आणि पुढचे दोन दात हलतात. मी दाढेने चावत सगळं खाल्लं.

"कसं होतं?"

"गुड," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ते दिवे बंद करायला वळले.