सेटरच्या परतीचा प्लॅन

परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने आमच्या कंपनीला कळवलं, की अपघातानंतर किंवा आजारपणानंतर कामगाराला पुन्हा कामावर कसं आणायचं, याचं शिक्षण घेतलेला एक तरी माणूस पुढच्या ऑडिटच्या आधी तुमच्याकडे असला पाहिजे. मॅनेजरने मला बोलावलं. मी टाइम ऑफिसात. कोण किती दिवस गैरहजर, कोणाची किती रजा उरली, हे सगळं माझ्याकडे असतं, म्हणून हेही माझ्याकडे आलं. अगदी पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र होतं. शनिवारी दुपारी ऑनलाइन वर्ग, शेवटी एक प्रकल्प आणि परीक्षा. नाव मात्र भारी, 'डिसॅबिलिटी मॅनेजमेंट'. प्रेसशॉपच्या सुपरवायझरने ते ऐकलं आणि म्हणाला, "मग राव, वरच्या मजल्यावरच्या साहेबांपासून सुरुवात करा."

मी हसलो. पन्नाशीला आल्यावर परीक्षेला बसायचं, तर हसण्यावारी नेलेलं बरं.

वर्ग सुरू झाले तेव्हा आमचा सेटर घरी होता. सेटर म्हणजे पत्र्याला आकार देणारी लोखंडी डाय प्रेसमध्ये बसवणारा माणूस. डाय केसभर तिरकी बसली तरी पाळीभरचा माल भंगारात जातो, म्हणून सेटरला आमच्याकडे मान असतो. हा तर हाताने चाचपून सांगायचा, कुठे किती फट आहे ते. एकदा डाय उचलताना चेनपुलीचा हुक सुटला आणि डायची कड त्याच्या उजव्या खांद्यावर आली. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, आणि तो राजगुरुनगरजवळच्या आपल्या गावी गेला.

आमच्याकडे अशा वेळी भेटायला जायची रीत आहे. पहिल्याच रविवारी आम्ही चौघं सुपरवायझरच्या गाडीतून निघालो. वाटेत चाकणला शहाळी घेतली, सफरचंदं घेतली. तो हात गळ्यात अडकवून ओसरीवर बसला होता. आम्हाला बघून उठायला लागला, तर आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला बसवला. बायकोने चहा केला. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्याने विचारलं, "मोठी डाय कोन लावतंय आता?"

सुपरवायझर म्हणाला, "काम काही थांबलेलं नाही. तू त्याची काळजी सोड. आराम कर."

मीही तेच म्हणालो. नोकरी कुठे जात नाही, निवांत आराम कर. आजारी माणसापुढे कामाचा विषय काढणं आमच्यात वाईट दिसतं. याला अजून उठता येत नाही आणि हे हजेरी विचारायला आले, असं होतं. त्यानंतर जो कोणी गेला तो हेच सांगून आला. तीनेक महिन्यांनी लोकांचं जाणं कमी झालं, मग बंदच झालं. यात कोणाच्या मनात खोट नव्हती. उलट, एवढ्या आपुलकीने आम्ही कोणाकडे क्वचितच गेलो असू.

वर्गात शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. पुस्तक इंग्रजी, पण त्या बोलायच्या मराठीत. एका शनिवारी त्यांनी सगळ्यांना विचारलं, की जखमी सहकाऱ्याला भेटायला गेलात तेव्हा त्याला काय म्हणालात ते लिहा. आम्ही सगळे वेगवेगळ्या कारखान्यांतले. पडद्यावर एकाखाली एक उत्तरं उमटली आणि जवळजवळ सगळ्यांत 'आराम करा' होतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं. आता त्याने तुम्हाला काय विचारलं होतं, ते लिहा."

मी लिहिलं, मोठी डाय कोण लावतंय आता.

मग त्यांनी सांगितलं, की माणूस जितका जास्त काळ घरी बसतो तितकं त्याचं परत येणं अवघड होतं, शरीराने आणि मनानेही. पहिल्या आठवड्यापासून त्याच्याशी कामाबद्दल बोलायचं असतं. तुझ्यावाचून काही अडत नाही असं नाही, तर तुझी वाट बघतोय असं बोलायचं असतं. मला हे पटलं. पण पटलं तेव्हा सेटरच्या घरी बसण्याला सात महिने होऊन गेले होते.

प्रकल्प म्हणून एका खऱ्या कामगाराच्या परतीचा प्लॅन करायचा होता. मी त्याचाच घेतला. डॉक्टरांच्या शेवटच्या कागदावर लिहिलं होतं, की हात खांद्यापर्यंत उचलतो, त्याच्या वर नाही. तो कागद तिसऱ्या महिन्यातला होता. मी टेप घेऊन प्रेसशॉपमध्ये गेलो. सुपरवायझर आणि सेटर एका उंचीचे, म्हणून सुपरवायझरला डायच्या मांडणीसमोर उभं केलं आणि त्याच्या खांद्याच्या खाली काय काय येतं ते मोजलं. तो म्हणाला, शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय. मांडणीचे खालचे तीन कप्पे त्या मापात बसत होते. प्रेसवर डाय आवळायचे बोल्टही बसत होते. चेनपुली अपघातानंतर कंपनीने काढूनच टाकली होती, तिच्या जागी बटणावर चालणारी आली होती. वजनाला एक हेल्पर, आणि फट बघायला हा. कंपनीची बस सकाळीच असते, म्हणून कायम पहिली पाळी. मी हे सगळं तक्त्यात मांडलं. मॅनेजरने दोनच प्रश्न विचारले आणि दोन महिने करून बघू म्हणाला. मला वाटलं, जमलं.

रविवारी एकटाच निघालो. रिकाम्या हाताने जाऊ नका म्हणून बायकोने रहाटणीच्या चौकातून डाळिंबं आणून दिली.

सेटर ओसरीवरच होता. अंग सुटलं होतं. मी प्लॅन पुढे ठेवला आणि एकेक गोष्ट समजावून सांगितली. तो मन लावून ऐकत होता. मधे एकदा, "बटनावर? लई ब्येस," म्हणाला. सगळं ऐकून झाल्यावर त्याने उजवा हात उचलून दाखवला. शर्टाच्या खिशापर्यंत गेला, तिथे थरथरला आणि खाली आला.

मी म्हणालो, डॉक्टरांच्या कागदावर तर खांद्यापर्यंत लिहिलंय.

"तवा जात व्हता," तो म्हणाला.

त्याची बायको दारात उभी होती. तिने आवाज चढवला नाही. "डाक्टर म्हनायचे, रोज व्यायामाला या. तुमी समदे येऊन सांगायचे, आराम करा. यांनी तुमचं ऐकलं, भाऊ."

मी कागद फिरवून घेतला. म्हणालो, हरकत नाही, उंची कमी करू, मी परत मोजतो, पहिल्या महिन्यात नुसती देखरेख ठेवू. व्यायाम पुन्हा सुरू कर, मी बाईंना विचारतो. मी भराभर बोलत होतो. त्याने मला बोलू दिलं.

"न्हाई भाऊ," तो म्हणाला. "चुलत्याच्या खताच्या दुकानात बसतो म्हनून सबूद दिलाय. आता तितं यायचं म्हनजे नव्या पोरांनी मला जपायचं. आनि मी काय, नुसतं बोट दावायचं? त्या टायमाला कुनी म्हनलं असतं ना, येऊन नुसता हुबा ऱ्हा, तर हात गळ्यात बांधून आलो असतो."

पुन्हा विचार कर, असं मी म्हणालो. तो व्हय म्हणाला, पण आम्हाला दोघांनाही ते खरं वाटलं नाही. निघताना त्याने माझ्यासोबत रस्त्यापर्यंत येऊन डाव्या हाताने गाडीचं दार लावून दिलं.

महिन्याभरात राजीनामा आला. त्याचा हिशोब मीच पुरा केला. प्रकल्पात मी झालं तसं लिहिलं, की प्लॅन तयार केला, मंजूर करून घेतला, कामगार परतला नाही. बाईंनी प्लॅनला चांगले गुण दिले. मी पास झालो. प्रमाणपत्र फ्रेम होऊन रिसेप्शनमध्ये लागलं, ऑडिटला आलेल्या माणसाने त्याचा फोटो काढला.

मॅनेजर म्हणाला, प्लॅन चांगला झालाय, फाइलला ठेव, पुढच्याला उपयोगी पडेल.

मी ठेवला. पण त्यातली मापं त्याच्या खांद्याची आहेत, आणि आता तर तीही त्याची राहिलेली नाहीत.