झाडांच्या नावाचा वर्ग

आमच्या ऑनलाइन वर्गात हजेरी नव्हती. पडद्यावर यायचं, आवडेल त्या झाडाचं नाव टाकायचं आणि बसायचं. पळस, मोह, तेंदू, चारोळी. या सगळ्या झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांतल्या कोलाम पोरी, बारावी झालेल्या, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या. शाळेत प्रश्न विचारला की पोरं दात काढत, म्हणून तोंड मिटून बसायची सवय लागलेल्या. मी दिग्रसला कॉलेजात विज्ञान शिकवते. मी त्यांना शब्द दिला होता, "कोण कोणती, ते मलेही सांगू नका. काहीच रेकॉर्ड होणार नाही. येड्यासारखं विचारा, पण विचारा." त्या शब्दावर वर्ग चालला होता.

फुकटची ॲपं फोन नंबर मागत आणि ऐन रंगात वर्ग तोडत. म्हणून मी स्वतःचाच सर्व्हर उभारायचं ठरवलं. सॉफ्टवेअर मुक्त आहे, कोणीही घ्यावं आणि आपल्या मशीनवर चढवावं. वाचायला किती सोपं! अख्खी सुट्टी मी एका जुन्या कॉम्प्युटरशी भांडले. आवाज आला तर चित्र येईना, चित्र आलं तर आवाज गायब. राउटरमधून बाहेरची वाट मोकळी करायचीच राहिली होती, हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. शेवटी फोनच्या पडद्यावर माझा चेहरा हलला, बोलला, आणि मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या पिटल्या.

पण आमच्या गल्लीतल्या लाइटचा काय भरवसा? मैत्रीण म्हणाली, "माह्या जिनिंगच्या ऑफिसात ठेव ना वं. इन्व्हर्टर आहे, लाइन चांगली आहे. तुही मशीन काय खाते माह्यं?" ही माझी बीएडपासूनची मैत्रीण. नवऱ्याची कापसाची जिनिंग, हिचा स्वतःचा कोचिंग क्लास. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आलेली. मशीन तिच्याकडे गेली. हंगामात पंख्यात रुई अडकायची, ती ही जुन्या साडीच्या चिंधीनं निगुतीनं काढायची. आमच्याकडे गावाला जाताना घराची चावी शेजारणीकडे टाकतात. न टाकली तर शेजारीण वर्षभर तोंड फुगवते. तसाच मी तिला सर्व्हरचा पासवर्डही देऊन टाकला.

मग आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि मी वणीला गेले. तोवर वर्ग तिनं घ्यायचा ठरलं. "जाय तू निवांत, मी आहो ना," ती म्हणाली. मी निवांत गेले.

परत आले तर स्टाफरूममध्ये एका सरांनी फोन पुढे केला. "मॅडम, तुमच्या पोरी फेमस झाल्या ना!" मैत्रिणीच्या क्लासची जाहिरात होती. पडद्यावर फक्त 'मोह' एवढं नाव आणि एका पोरीचा आवाज. संयुजा म्हणजे काय, ती परत परत विचारते, अडखळते, रडकुंडीला येते. मागून तिची माय कोलामीत, त्यांच्या घरच्या बोलीत, तिचं खरं नाव घेऊन, तिला हाक मारते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'अशा मुलींनाही आम्ही घडवतो.'

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच जिनिंगवर गेले.

"काहून केलं वं असं?"

"काय केलं? नाव कुठं दिसते तिचं? मोह तं लिवलं आहे."

"तिची माय हाका मारून राह्यली त्यात!"

"अवं, कोलामी कोणाले समजते?"

"तिच्या गावाले समजते!"

ती हसली. खरंच हसली हो. "एवढी कायले तडकून राह्यली? तुह्या वर्गाचंच नाव होऊन राह्यलं. अन् मशीन कोणाच्या ऑफिसात आहे, लाइन कोणाची आहे, हे तं पाय."

कुंपणानंच शेत खाल्लं, असं दुसऱ्याबद्दल आपण किती सहज म्हणतो. आता ते माझ्यावर आलं होतं. मी वायरी उपटल्या, मशीन छातीशी धरली आणि भर बाजारातून रडत घरी आले. लाडू घेऊन आलेल्या बाईनं केसानं गळा कापला होता. व्हिडिओ तिनं नंतर उडवला, पण तोवर तो झरीपर्यंत पोचला होता.

घरी सर्व्हर पुन्हा चालू केला, लाइट गेली तर गेली. पत्ता जुनाच ठेवला, पोरींना शोधावं लागू नये म्हणून. रोज संध्याकाळी वर्ग उघडायचा आणि पडद्यावर मी एकटी. पळस नाही, तेंदू नाही. परीक्षा तोंडावर आलेली. मला वाटायचं, लाजल्या असतील, घरच्यांनी फोन काढून घेतले असतील, येतील हळूहळू. माझ्यावर रागावायचं त्यांना काय कारण? शब्द मी थोडाच मोडला होता?

एका संध्याकाळी 'मोह' आली. तिचा माइक बंद, कॅमेरा बंद. मी बोलतच सुटले, "ये गं माय, किती वाट पाहून राह्यली मी तुमची..." बाजूच्या चौकटीत तिची ओळ उमटली.

"बाई, रेकॉर्डची लाल खूण दिसली तवा आम्ही विचारलं होतं. त्या मॅडम म्हणल्या, तुमच्या बाईनंच रेकॉर्ड करायले सांगतलं."

मी वाचत होते तोच खाली आणखी एक ओळ आली.

"तुम्ही सांगतलं म्हणून आम्ही बोलत राह्यलो."

"नाही गं" एवढं मी लिहिलं. ते पाठवेपर्यंत मोह निघून गेली होती.