कोठडीतून आलेले दोन शब्द

ती घटना मला आठवते, आणि ज्यांनी ती आजवर सांगितली त्या सर्वांपेक्षा अधिक नीट आठवते. एका वृत्तपत्राने त्या वेळी छापले की, 'विज्ञानाच्या यंत्राने चोर पकडले.' माझे तेव्हाचे वरिष्ठ निवृत्तांच्या स्नेहमेळाव्यात सांगतात की सारे त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. आणि माझ्याच ठाण्यातील काही सहकारी चहाच्या कपामागे हसून म्हणतात, "डंडा चला होगा, जनाब, और क्या." या तिन्ही गोष्टी असत्य आहेत. यंत्र चोर पकडत नाही, वरिष्ठ त्या दिवशी फक्त फोनवर होते आणि त्या माणसाला कोणी बोटही लावले नाही. मी त्या ठाण्याचा प्रमुख होतो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार माझा आहे.

उदारीकरणाची ती पहिली काही वर्षे होती. दिल्लीच्या टोकाला वसू लागलेल्या द्वारकेचे सेक्टर नकाशावर पूर्ण आणि जमिनीवर अर्धे होते. चार इमारती उभ्या, मग मोकळे रान, मग पुन्हा एखाद्या सोसायटीची कुंपणभिंत आणि आत नुसते खड्डे. फ्लॅटमध्ये राहायला आलेली कुटुंबे फोनची वाट पाहत होती आणि फोन खाते त्यासाठी जमिनीखाली जाड तांब्याच्या केबल टाकत होते. दिवसा टाकलेली केबल दोन दिवसांत उपसलेली सापडायची. चोरलेली केबल तशीच विकता येत नाही. वरचे प्लास्टिक जाळावे लागते, मग आतले तांबे कोणाचे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे चोरी आमच्या हद्दीत होत होती आणि जाळही हद्दीतच कुठेतरी पेटत होता. पण आसपास वीटभट्ट्या, हिवाळ्याचे धुके आणि प्रत्येक मजुराची शेकोटी. कोणत्या धुराच्या मागे लागावे?

धुराचा त्रास रहिवाशांनाही होता. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर काजळी बसायची, मुले खोकायची. त्यांनी पालिकेकडे तक्रार केली आणि पालिकेने आपला वायुप्रदूषण नियंत्रण तज्ज्ञ पाठवला. गृहस्थ मराठी होते, नागपूरकडचे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि हे इथेच शिकून पालिकेत लागले. पालिकेच्या शाळेच्या गच्चीवर ते एक यंत्र बसवत. ते यंत्र परिसरातील हवा जोराने ओढून एका पांढऱ्या कागदातून गाळते; कागद आधी आणि नंतर तोलला की हवेत किती धूळ व काजळी होती ते कळते. तज्ज्ञ आठवड्यातून एकदोनदा येत, दिवसभर यंत्राजवळ बसत आणि कागद जवळजवळ कोरा घेऊन परत जात. अहवाल लिहीत: हवा समाधानकारक.

रहिवासी खवळले, आणि मी त्यांना दोष देत नाही. ते म्हणत, हा बाबू येतो त्या दिवशी धूर नसतो, हा गेला की धूर. याचा अर्थ कोणालाही कळेल.

मग ठाण्यात निनावी फोन आला. ड्युटी अधिकाऱ्याने नोंद केली: केबल जाळणाऱ्यांना 'पोलूशनवाला बाबू' सामील आहे, आधी खबर देतो, त्याला उचला आणि ती मशीन तिथून हटवा. वरिष्ठांनी नोंद वाचली आणि मला फोनवर सांगितले, "संध्याकाळपर्यंत अटक दाखवा." सरकारी नोकराची अटक म्हणजे काय हे वाचकांनी समजून घ्यावे. दोन दिवस कोठडीत गेले की निलंबन आपोआप होते. पुढे तो निर्दोष सुटला तरी त्याच्या नावामागे तो शब्द चिकटतोच. तज्ज्ञांच्या खात्याने त्यांच्याकडे खुलासा आधीच मागितला होता. माझ्या एका सहीवर त्यांची उरलेली नोकरी आणि इभ्रत उभी होती.

मी त्यांना बोलावले, यंत्रासह. टेम्पोतून यंत्र उतरले तेव्हा आमचा हवालदार म्हणाला, "जनाब, ये तो कूलर है." तज्ज्ञ सरळ ताठ आले आणि खुर्ची देण्याआधीच बसले. मला ते आवडले नाही.

चौकशी मी हिंदीत सुरू केली, जशी मी सर्वांची करतो. तारखा विचारल्या, कोण भेटते, गच्चीची किल्ली कोणाकडे असते, येण्याचा दिवस कोण ठरवते. उत्तरे थेट होती. एकदा मी वैतागून स्वतःशीच मराठीत म्हणालो, "हा माणूस काही केल्या वाकत नाही." त्यावर ते खुर्चीत पुढे सरकले.

"अहो, तुम्ही मराठी? मग इतका वेळ मला हिंदीत का झापताय?"

"मी ड्युटीवर आहे."

"मीही ड्युटीवरच होतो. शाळेच्या गच्चीवर, थंडीत. कागद कोरा आला तर मी काय त्यावर काजळ फासू?"

"तुम्ही असता तेव्हाच तो कोरा येतो. मी नसताना चोरी झाली तर मला कोणी काही म्हणत नाही; पण मी असतानाच नेमकी थांबत असेल, तर लोक विचारणारच."

"विचारा ना! पण मशीन खोटी आहे असं म्हणू नका."

मी नेमके तेच म्हणणार होतो. यंत्र हवा ओढतच नसेल तर कागद कोरा राहणारच, हा साधा विचार होता. मी जप्तीचा पंचनामा लिहायला सांगितला. तेव्हा तज्ज्ञ उसळले, "चालवून न बघता पंचनामा? उद्या म्हणाल बंद पडलेलं सापडलं." हे त्यांचे बरोबर होते. न तपासलेली वस्तू जप्त मालाच्या मालखान्यात ठेवणे ही आरोपीच्या वकिलाला दिलेली मेजवानी असते. मी अंगणात वायर ओढायला लावली आणि यंत्र सुरू करण्याचा हुकूम दिला. हुकूम माझा होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

त्या यंत्राचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही. मिक्सर आणि पिठाची गिरणी यांनी एकाच खोलीत भांडण काढावे तसा. पोपट उडाले. समोरच्या टपरीतून चहावाला बाहेर आला. हवालदार माझ्या कानाशी येऊन ओरडत होता आणि मला फक्त त्याच्या मिशा हलताना दिसत होत्या.

आणि अंगणाला लागून असलेल्या कोठडीतून आवाज आला: "बुझा दे! अबे बुझा दे, रेत डाल!"

कोठडीत त्या दिवशी एक भंगारवाला होता. सकाळी केबलचोरीच्या संशयावर त्याला आणले होते. त्याच्याकडे काही सापडले नव्हते, आणि जिथे केबल चोरीला जात होत्या त्या नाल्यापलीकडच्या सेक्टरमध्ये आपण जन्मात पाऊल टाकलेले नाही, असे तो आईची शपथ घेऊन सांगत होता. दुपारच्या उन्हात तो घोंगडी डोक्यावरून घेऊन गाढ झोपला होता. यंत्राच्या पहिल्या घरघरीसरशी तो उठून उभा राहिला होता आणि झोपेतच कोणाला तरी हुकूम देत होता.

मी यंत्र बंद करण्याची खूण केली. त्या शांततेत त्याला पूर्ण जाग आली. हवालदार गजांपाशी गेला.

"क्यों बे, किसे बुझा रहा था?"

"सपना था, जनाब. बीड़ी हाथ में रह गई थी."

"बीड़ी पे रेत डालता है तू?"

सगळे ठाणे हसले. मी हसलो नाही. मी तज्ज्ञांकडे पाहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनाही कळले होते. त्या मोकळ्या रानात, जिथे कुत्रे भुंकले तरी दोन सेक्टर पलीकडे ऐकू जाते, तिथे त्यांचे यंत्र सुरू होताच जाळ विझवला जात होता. खबर देणारा सामील माणूस कोणी नव्हताच. खबर यंत्रच देत होते.

"म्हणजे," ते हळू म्हणाले, "मी त्यांचा भोंगा झालो होतो."

"आमच्या बीटचा शिपाई रात्री फाटकांवर काठी आपटत जातो," मी म्हणालो. "चोर काठीचा आवाज लांब गेला की कामाला लागतो. तुम्ही एकटे नाही."

आता पुढची चौकशी. मी भंगारवाल्याला बाहेर आणून बसवले, चहा दिला आणि काहीही विचारले नाही. केवळ तज्ज्ञांना सांगितले, यंत्राची तपासणी चालू द्या. ते सुरू करत, थांबवत, पुन्हा सुरू करत. दरवेळी यंत्र सुरू झाले की त्या माणसाची नजर दाराकडे जाई, जणू तिथून कोणी पळायला हवे होते. मध्येच तज्ज्ञ त्याच्या घोंगडीशी वाकले आणि वास घेतला.

"लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, साहेब. हा घशात उतरतोय. प्लास्टिक जळल्याचा वास आहे, आणि तोही एका दिवसाचा नाही." मग हिंदीत त्याला म्हणाले, "भाई, रात को खाँसी में काला निकलता है ना? मुँह पे कपड़ा तो बाँध लिया कर."

मला वाटते त्या वाक्याने तो फुटला. माझ्या मौनाने निम्मे काम केले होते, हे मी सोडणार नाही. पण त्याच्या खोकल्याची चौकशी करणारा ठाण्यात तोवर कोणी नव्हता. चहाचा पेला खाली ठेवून तो म्हणाला, "मैं तो मज़दूरी करता हूँ, साहब. माल दूसरों का है." जागा त्याने सांगितली: शाळेकडे ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला, एका अर्धवट सोसायटीच्या कुंपणाआत. पुढे फाटक, मागे भिंतीला भगदाड. रेतीचा ढीग जाळाशेजारीच तयार. यंत्राचा आवाज आला की रेती टाकायची, तांबे उचलायचे आणि भगदाडातून निघायचे.

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात टिकत नाही. माल आणि माणसे एकत्र पकडावी लागतात. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला, "अटक दाखवली?" मी म्हणालो, "उद्या दाखवतो, साहेब. आज दाखवली तर चुकीच्या माणसाची दाखवावी लागेल." ते रागावले. रागावलेल्या वरिष्ठाला कामाचा निकाल लागेपर्यंत उत्तर देऊ नये, हा माझा नियम होता आणि मी तो पाळला.

दुसऱ्या दिवशी सापळा लावला. तज्ज्ञांना मी सांगितले की आता तुमचे काम संपले, घरी जा.

"आणि मशीन कोण चालवणार? तुमचा हवालदार?"

"एक बटण दाबायचे आहे."

"बटण नाही दाबायचं, साहेब, कागद बसवायचाय. तो वाकडा बसला तर पुन्हा कोराच येईल, आणि मग तुम्ही मला पुन्हा बोलवाल."

ते शाळेच्या गच्चीवर गेले. माझी माणसे भगदाडाबाहेर झुडपांत बसली, विनागणवेश, विनाकाठी. उन्हे कलली, धुके उतरू लागले आणि कुंपणाआतून धुराचा जाड, तेलकट पट्टा वर येऊन शाळेकडे वळला. मी रुमाल हलवला. गच्चीवरून ती घरघर सुरू झाली.

आत धावपळ झाली. कोणी ओरडले, "मशीन! मशीन आ गई!" रेतीची दोन फावडी पडली असतील; मग खांद्यावर तांब्याची वेटोळी घेतलेली माणसे एकामागून एक भगदाडातून बाहेर आली आणि आमच्या मिठीत पडली. शेवटी आला तो त्या सोसायटीच्या कंत्राटदाराचा मुनीम. सापळ्यात सोबत घेतलेल्या आमच्या ड्युटी अधिकाऱ्याने त्याचा आवाज ऐकताच मान वर केली. हाच तो निनावी फोनवाला. पंचनामा होईपर्यंत जाळ विझवायला कोणी मोकळे नव्हते. अर्धी रेती पडलेला तो ढीग अधिकच काळा धूर सोडत राहिला आणि यंत्र तो धूर ओढत राहिले.

मुनीम आणि त्याची टोळी न्यायालयात गेली. भंगारवाल्याला माफीचा साक्षीदार केले. तज्ज्ञांविषयीच्या पत्रात मी एकच ओळ लिहिली: सदर अधिकाऱ्याचे मागील सर्व अहवाल प्रामाणिक होते आणि यापुढील तपासात पोलिसांना त्यांची गरज लागेल. दुसरा भाग नियमात बसत नव्हता. मी तरीही लिहिला. निलंबनाचा कागद निघाला नाही.

सकाळी ते ठाण्यात आले, बटरपेपरच्या पाकिटात काहीतरी धरून. लेकीचा निकाल दाखवावा तसे त्यांनी ते टेबलावर उघडले. आत तव्याच्या बुडासारखा काळा कागद होता. हवालदार पाहतच राहिला. "इतना काला? और साहब हँस रहे हैं?"

"अरे, दो महीने से ढूँढ रहा था इसे," तज्ज्ञ म्हणाले, आणि खरोखरच हसत होते. साऱ्या नोकरीत मला काळेपणा पाहून आनंदलेला सरकारी माणूस तेवढाच भेटला.

यंत्राचा आवाज बंद करता येत नव्हता. खोक्यात ठेवले की मोटार तापायची. म्हणून त्यांनी वेळा लपवल्या. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी लागोपाठ. मीही माझ्या बीटच्या काठ्या थांबवल्या. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ते आजही सांगतात की यंत्र कोठडीजवळ चालवायची युक्ती त्यांची होती. मी पहिल्या रांगेतून उठून दरवर्षी सांगतो, हुकूम माझा होता. ते म्हणतात, "हट्ट माझा होता." एवढे मी त्यांना देतो.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. निनावी फोन करणारा खोटे बोलतो, पण त्याची भीती खरी असते. मुनीमाने बाबूला उचला म्हटले, ते खोटे होते. मशीन हटवा म्हटले, ते खरे होते. फोनमधली ही दुसरी मागणी नीट ऐकली असती तर सकाळीच उत्तर हातात होते, आणि नोंदीतली ती ओळ ठाण्यात मी एकट्यानेच नंतर पुन्हा वाचली. त्यानंतर 'सर्व ठीक' असा अहवाल माझ्यासमोर आला की सही करण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारत असे: हा कागद कोरा राहावा म्हणून कुठे कोणी घाईघाईने रेती तर टाकत नाही ना?